जुन्या गाडीचे वंगण

मोटारीला कोणते ऑइल घालावे, हा काय रेडिओवरून बोलण्याचा विषय झाला, असे कुणी विचारील. त्यातही बोलणारा बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस! पण आमच्या भद्रावतीत गॅरेजच्या बाकड्यावर चार माणसे बसली की या विषयावर जितका वाद रंगतो, तितका साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरूनही रंगत नसेल. एक म्हणतो, जुन्या गाडीला जाडच ऑइल पाहिजे. दुसरा म्हणतो, महागातले सिंथेटिक घाला आणि विसरून जा. तिसरा म्हणतो, पूर्वी कुठे होते हे सगळे? साधे तेल घालत होतो आणि गाडी मुंबईला जाऊन येत होती. तास दोन तास बोलून झाले तरी निष्कर्ष निघत नाही. एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे या विषयात एरंड खरोखरच आहे. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीचे चाक कुरकुरू लागले की आखाला वंगण द्यायचे, आणि वंगण म्हटले की जुनी माणसे एरंडेलाचे नाव घेत. एरंडेल धातूला चिकटून राहते, सहजासहजी निथळत नाही. चार्ल्स वेकफील्ड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८९९ मध्ये लंडनला तेलाची कंपनी काढली. पुढे १९०९ मध्ये त्याने खनिज तेलात एरंडेल मिसळून मोटारी आणि विमानांसाठी एक वंगण तयार केले. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात. त्यावरून त्याचे नाव ठेवले कॅस्ट्रॉल. म्हणजे बंडी हाकणारा आपला शेतकरी आणि लंडनचा तो व्यापारी एकाच झाडापाशी पोहोचले होते.

आज हा विषय काढण्याला एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनाची व्याख्या ठरवून दिली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात फार मोठा बदल केलेला नाही, ती विंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. शौकीन मंडळींच्या जागतिक हिशेबात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. पण आपल्या कायद्याने पन्नाशीची अट घातल्यामुळे १९७४ ची पद्मिनीसुद्धा २०२४ मध्ये त्या पंगतीत येऊन बसली. माझ्याच पिढीची गाडी विंटेज झाली, हे ऐकून मी आरशात एकदा पाहून घेतले.

त्यामुळे झाले असे की, गोठ्यात, गोदामात, शेतातल्या छपराखाली वर्षानुवर्षे पडून असलेल्या गाड्या बाहेर निघू लागल्या. आपल्या भागात त्या मुख्यतः तीन घराण्यांतल्या. एक, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जिचे पुढे पद्मिनी असे नामकरण झाले. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. दुसरी अ‍ॅम्बॅसेडर, बंगालमधल्या उत्तरपाड्याची. आणि तिसरी जीप. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. जंगलातल्या वाटांवर, तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या हंगामात, कोळसा खाणींच्या रस्त्यांवर या जीपनी काय हाल सोसले ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आता अडचण अशी की, कुर्ल्याची पद्मिनी तयार होणे थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. म्हणजे उद्या कॅमशाफ्ट झिजला, तर नवा कारखान्यातून येणार नाही. भंगारबाजारात नशीब काढावे लागेल, किंवा कुणा कारागिराकडून घडवून घ्यावा लागेल. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेली गाडी काही हजार रुपये खर्चून मुलगा पुन्हा चालू करतो आणि ऑइलचा डबा मात्र दुकानदार देईल तो घेतो. तिथे सगळा खेळ बिघडतो. पत्रा गंजला तर दिसतो, रंग उडाला तर दिसतो. इंजिनाच्या आतली झीज दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रथम ऑइल करते काय, ते पाहू. आपल्याला वाटते, तेलामुळे धातूवर धातू सरकतो. प्रत्यक्षात इंजिन नीट चालू असताना दोन धातू एकमेकांना लागतच नाहीत. १८८३ च्या सुमारास बोशॅम्प टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या चाकाचे बेअरिंग तपासत होता. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला एक भोक पाडले. आस फिरू लागला तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर उसळू लागले. त्याने बूच बसवले. ते बाहेर आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. मग दाबमापक लावल्यावर कळले की आत तेलाचा प्रचंड दाब तयार झाला आहे. फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून आपल्या खाली घेतो आणि त्या तेलावर तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्ट आजही असाच, केसापेक्षा कितीतरी पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो.

हा थर टिकण्यासाठी तेल फार पातळ असून चालत नाही. ते दाबाखाली निसटते. फार जाड असूनही चालत नाही. ते बारीक वाटांतून वेळेवर पोहोचत नाही, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावरचे पहिले काही क्षण धातू कोरडाच घासला जातो. जुन्या गाडीला जाडच ऑइल हवे, हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे.

आता डब्यावरचे आकडे. २० डब्ल्यू ५०, २० डब्ल्यू ४०, १० डब्ल्यू ३० असे काहीबाही लिहिलेले असते. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ पासून तेलाच्या जाडीनुसार हे क्रमांक द्यायला सुरुवात केली. पुष्कळांना वाटते, ५० म्हणजे ५० अंश तापमान. तसे नाही. तो फक्त वर्ग आहे, शाळेतल्या इयत्तेसारखा. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती जाड राहते ते सांगतो: ३० पातळ, ४० मध्यम, ५० जाड. आणि डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ते तेल किती वाहते ते सांगतो; आकडा जितका लहान, तितके ते कडाक्याच्या थंडीत चांगले वाहते.

इथे आपल्या गावाचा विचार करायचा. २० डब्ल्यू या वर्गातल्या तेलाची परीक्षा उणे १५ अंशांना इंजिन फिरवण्यासाठी घेतात, आणि उणे २० अंशांना ते पंपाने ओढले जाते की नाही तेही पाहतात. आपल्याकडे डिसेंबरात पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. त्या तेलाच्या लेखी तो उन्हाळाच. तेव्हा ० डब्ल्यू किंवा ५ डब्ल्यू लिहिलेल्या महागड्या डब्यातल्या थंडीच्या गुणाचा चंद्रपूर जिल्ह्यात काहीही उपयोग नाही. ते पैसे आपण बर्फाचे देतो.

आणि उन्हाळा? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. पण इंजिनातले तेल एरवीही ९०-१०० अंशांच्या आसपास तापलेलेच असते. बाहेरच्या उन्हाचा ताण रेडिएटरवर येतो. तेलाचे तापमान त्यामुळे थोडे वाढते. म्हणून ३० पेक्षा ४० किंवा ५० बरे, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळच्या गाड्यांच्या पुस्तिकांत हवामानानुसार वेगवेगळा क्रमांक लिहिलेला असे, तो याचसाठी. पुस्तिका घरात असेल तर आधी ती शोधा. तिच्यापेक्षा मोठा उस्ताद नाही.

आता डब्यावरची अक्षरे. आकड्यांकडे सगळे पाहतात, अक्षरांकडे कुणी पाहत नाही. एपीआय ही अमेरिकी पेट्रोलियम संस्था तेलाला दर्जाची अक्षरे देते. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. एसए, एसबी, एससी अशी बाराखडी चालत २०२० मध्ये एसपीपर्यंत आली. पुढचे अक्षर म्हणजे नवे तेल. साध्या हिशेबाने नवे ते चांगले. पण जुन्या गाडीच्या बाबतीत एक मेख आहे, आणि तिचे नाव जस्त.

तेलाचा थर सगळीकडे टिकतो असे मघाशी म्हटले, पण एक जागा अपवाद आहे. कॅमशाफ्टचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी टॅपेटला ढकलतो. फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर या दोन्ही गाड्यांत टॅपेटचा तळ सपाट असतो आणि कॅम त्यावर घासत सरकतो. सगळा भार एका बारीक रेघेवर येतो. तिथे तेल चिरडले जाते. अशा ठिकाणासाठी १९४० च्या दशकापासून तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले एक रसायन घालू लागले. तापले आणि दाबले गेले की ते धातूवर एक पातळ पापुद्रा तयार करते. धातूऐवजी तो पापुद्रा झिजतो, आणि पुन्हा तयार होतो. जखमेवर खपली धरते तसे.

पुढे गाड्यांच्या धुराड्यात प्रदूषण कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांपासून त्याची सुरुवात झाली. जळालेल्या तेलातला फॉस्फरस या यंत्राला निकामी करतो. म्हणून तेलातल्या फॉस्फरसवर मर्यादा आली. २००४ च्या एसएम दर्जापासून ती पातळ तेलांसाठी ०.०८ टक्के आहे. नव्या गाड्यांपैकी अनेकींत कॅमवर घसरण्याऐवजी रोलर फिरतो, त्यांना तेवढे पुरते. हवेसाठी हा निर्णय योग्यच होता. पण पन्नास वर्षांच्या पद्मिनीला कन्व्हर्टर नाही आणि रोलरही नाही. तिच्यासाठी ती खपली पातळ झाली.

घाबरून जाण्याचे कारण नाही. ही मर्यादा ० डब्ल्यू २०, ५ डब्ल्यू ३०, १० डब्ल्यू ३० यांसारख्या पातळ तेलांना लागू आहे. २० डब्ल्यू ४० आणि २० डब्ल्यू ५० तिच्या बाहेर आहेत. म्हणजे आपल्या हवेला जे मानवते, तेच या जुन्या कॅमलाही मानवण्याची शक्यता अधिक. तरीही मर्यादा नाही म्हणजे जस्त भरपूर आहेच, असे नव्हे. कंपन्या तेलाचे माहितीपत्रक काढतात. त्यात जस्त आणि फॉस्फरसचे प्रमाण दिले असेल तर पाहावे. मात्र बाजारात जस्ताच्या वेगळ्या बाटल्या मिळतात, त्या मनाला येईल तशा ओतू नयेत. प्रमाणाबाहेर गेले की तेच रसायन उलट धातू खाते. मिठासारखेच आहे ते.

आता त्या तिसऱ्या गृहस्थांकडे वळू, जे म्हणतात की पूर्वीचे साधे तेल बरे होते. पूर्वीच्या साध्या तेलात मळ धुणारा घटक नसे. काजळी आणि चिकटा खाली बसायचा आणि तेलाच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये, गाळ साचायचा. आजच्या तेलात मळ सोडवणारा आणि तो तरंगत ठेवणारा घटक असतो. म्हणूनच तेल काळे होते. काळे झाले म्हणजे वाईट झाले असे नव्हे. ते आपले काम करते आहे. आजचे तेल या बाबतीत निःसंशय सरस आहे. पण वीस वर्षे न उघडलेल्या इंजिनात ते एकदम ओतले तर जुना गाळ सुटतो आणि तेलाच्या बारीक वाटांत जाऊन अडकतो. म्हणून पडून असलेली गाडी काढताना आधी चेंबर उतरवून खरवडून घ्यावे, जाळी धुवावी, मग तेल घालावे. पहिले तेल स्वस्तातले घालून तीन-चारशे किलोमीटरवर काढून टाकावे. ही कंजुषीची नाही, शहाणपणाची रीत आहे. लढाईच्या काळातल्या जीपसारख्या गाड्यांत फिल्टर सगळे तेल गाळत नाही, थोडेच गाळतो. तिथे तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

सिंथेटिक तेलाबद्दलही असेच. ते विष नाही, आणि अमृतही नाही. उष्णता सोसण्यात ते खनिज तेलापेक्षा सरस असते. पण जुन्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला अनेकदा दोरीचे सील असते, गॅस्केट बुचाचे म्हणजे कॉर्कचे असते. साचलेल्या चिकट्याने बुजलेल्या फटी नवे तेल धुऊन काढते आणि गळती सुरू होते. शिवाय सिंथेटिकची खरी किंमत वसूल होते ती ते दीर्घकाळ न बदलता चालवल्याने. आणि जुन्या गाडीत तेल दीर्घकाळ ठेवायचेच नसते. कार्ब्युरेटरची गाडी तेलात पेट्रोलचे अंश सोडत राहते. मग जास्त पैसे कशाला?

तेव्हा निवड कशी करावी? इंजिन घट्ट असेल, बोअर-पिस्टनचे काम झालेले असेल, तर पुस्तिकेत सांगितलेला क्रमांक, आणि पुस्तिका नसेल तर २० डब्ल्यू ४० चे चांगले खनिज तेल. इंजिन थकलेले असेल, गरम झाल्यावर तेलाचा दाब पडत असेल, तर २० डब्ल्यू ५०. त्याहून जाड घालून धूर दाबू नये. गाडी विकायची असेल तेव्हा काही जण तसे करतात, जपायची असेल तेव्हा करू नये. डिझेल जीपला 'सी'चा दर्जा पाहून वेगळे तेल. आणि नवा कॅम बसवला असेल तर पहिली वीस मिनिटे गाडी मंद घुरघुरत ठेवू नये; मध्यम वेगावर, सुमारे दोन हजार फेऱ्यांवर, चालू ठेवावी. कारण मंद गतीत कॅमवर तेल पुरेसे उडत नाही. नव्या कॅमचे आयुष्य त्या वीस मिनिटांत ठरते.

निवडीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे बदलणे. गाडी चालली नाही, मग तेल कशाला बदलायचे, असे लोक म्हणतात. पण उभ्या गाडीतले तेलही बिघडते. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे गाडी सुरू करून बंद करणे ही तर तिच्यावर माया करण्याची सर्वांत वाईट पद्धत. पेट्रोल जळले की पाण्याची वाफ होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती तेलातच राहते आणि आम्ल तयार करते. त्यापेक्षा देखभाल म्हणून नियमांत राहून महिन्यातून एकदा वरोऱ्यापर्यंत नीट फेरी मारावी. आणि किलोमीटर कितीही झालेले असोत, वर्षातून एकदा तेल बदलावे. शक्यतो पावसाळा संपल्यावर, इंजिन गरम असताना. आपल्याकडे कोळशाची आणि मुरमाची धूळ फार. जुन्या जीपमध्ये हवेच्या फिल्टरातही तेल असते, धूळ त्यात बुडते. ते वाटीभर तेल बदलायला बहुतेक जण विसरतात, आणि मग इंजिनातले महाग तेल सहाणेवर उगाळल्यासारखे धातू उगाळत बसते.

काढलेल्या काळ्या तेलाबद्दल एक शब्द. आमच्याकडे ते वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावतात, बंडीच्या आखाला देतात, उरलेले नालीत ओततात. त्यात घातक रसायने आणि धातूंचे कण असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत जाईल अशा ठिकाणीच द्यावे. एक जुनी गाडी जपताना शेजारची विहीर नासवणे हा काही वारसा जपणे नव्हे.

आणि रोजची एक सवय. ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा बुडवून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपलीकडे भरले तर त्याचा फेस होतो. मग पट्टी नाकाशी न्या. पेट्रोलचा वास आला, तर इंधनपंपाचा पडदा फाटलेला असू शकतो आणि पेट्रोल तेलात उतरून ते पातळ करीत असते. रंग दुधट दिसला, तर पाणी शिरले आहे. बोटावर चमकदार कण लागले, तर गाडी त्याच दिवशी उस्तादाकडे न्या. अत्तर पारखणारा नाकाने पारखतो, वैद्य नाडीवर बोट ठेवतो. या गाड्यांत संगणक नाही, धोक्याची सूचना देणारा पडदा नाही. त्यांचे बोलणे एवढ्याच एका पट्टीवर लिहिलेले असते. ते रोज वाचणारा कुणी घरात असला, तर पन्नाशीची गाडी आणखी पुष्कळ वर्षे चालते.